नरसव्वा कशाला नाही म्हणेल?

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार. मी सोलापूरच्या पूर्व भागात राहतो आणि एका टॉवेल कारखान्यात हिशेबाचे काम पाहतो. सकाळी नऊला घर सोडतो, परतायला रात्रीचे आठ वाजतात. मी एक कादंबरी लिहीत आहे. तिची नायिका नरसव्वा ही बिड्या वळणारी बाई, माझ्या आजीच्या पिढीची. दीडशे पाने झाली आहेत. ज्या दोन मित्रांनी ती वाचली, त्यांचे म्हणणे असे की गोष्ट पुढे सरकते, पण माणसे लक्षात राहत नाहीत. सगळी एकाच आवाजात बोलतात आणि नरसव्वा नुसतीच चांगली आहे. मी आधी संपूर्ण कथानक पक्के करायला हवे होते का? प्रत्येक पात्राची तपशीलवार माहिती आधी लिहून काढावी, असे एका कार्यशाळेत ऐकले होते. त्याचा उपयोग होतो का? आमच्या घरात तेलुगू बोलतात, मग नरसव्वाने कोणत्या मराठीत बोलावे? नोकरी सांभाळून कादंबरीकार लिहितात तरी कसे? आणि एक भीतीही आहे, की नातेवाईक स्वतःला ओळखतील. सोबत पहिली तीन प्रकरणे पाठवत आहे.
– एक वाचक, सोलापूर

सप्रेम नमस्कार.

तुमची तिन्ही प्रकरणे मी सलग वाचली आणि त्यानंतर पहिले प्रकरण पुन्हा एकदा वाचले, कारण बिडीचे काम तुम्हाला आतून माहीत आहे. ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली पाने, पत्र्याच्या मापावर धरून चालणारी कातर, मांडीवरचे सूप, तंबाखूच्या वासाने भरलेली खोली आणि शेजारणीशी बोलतानाही न थांबणारी बोटे, हे सारे तुम्ही नेमके उतरवले आहे. नरसव्वाचे हात मला दिसले. तिला काय हवे आहे, हे मात्र मला तिन्ही प्रकरणांत कुठे सापडले नाही. ती एकदाही असे काही मागत नाही, जे दिल्याने दुसऱ्या कोणाचे नुकसान होईल. आणि कोणी तिच्याकडे असे काही मागत नाही, जे देताना तिचा जीव खाली-वर होईल. तुमच्या मित्रांना ती ‘नुसतीच चांगली’ वाटते, त्याचे कारण माझ्या मते एवढेच आहे.

दुसऱ्या पानावर तुम्ही लिहिले आहे, ‘नरसव्वा कष्टाळू आणि स्वाभिमानी होती आणि तिचे मन आभाळाएवढे मोठे होते.’ हे वाक्य काढून टाका. ते खोटे आहे असे माझे म्हणणे नाही, पण ते वाचकाला निकाल हातात देते आणि खटला मात्र दाखवत नाही. बाई स्वाभिमानी आहे की नाही, हे वाचकाला तिचा स्वाभिमान तिला महागात पडेल अशाच प्रसंगी कळू शकते.

असा प्रसंग शोधायला तुम्हाला लांब जावे लागणार नाही, कारण तुमच्या तिसऱ्या प्रकरणात तो आहे आणि तुम्ही तो एका वाक्यात सांगून पुढे निघून गेला आहात. ‘सून पद्माही घरी बसून सासूच्या कार्डावर बिड्या वळत असे.’ माझ्या मते तुमची कादंबरी या वाक्यात आहे. कारखान्याचे बिडी-कामगाराचे कार्ड नरसव्वाच्या नावावर आहे, कारखान्यावर माल द्यायला ती जाते, मजुरी तिच्या हातात पडते आणि प्रॉव्हिडंट फंड तिच्या खात्यात जमा होतो. रोजच्या हजार बिड्यांतल्या निम्म्या पद्माने वळलेल्या असतात, हे घरात सर्वांना माहीत आहे आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. आता समजा, एके सकाळी पान कापता कापता, मान वर न करता पद्मा म्हणाली, “मला माझं कार्ड काढायचंय.” नरसव्वा काय करील?

या प्रश्नाचे उत्तर घाईने देऊ नका, कारण तिच्या आयुष्यातले बरेच काही त्यावर टांगलेले आहे. तिचा पद्मावर जीव आहे, हे तुम्ही पहिल्या प्रकरणात चांगले दाखवले आहे. पण नवऱ्यामागे तिने हे घर त्या कार्डावर उभे केले, आणि संध्याकाळी पैसे मोजून ट्रंकेत ठेवण्याचा मान त्या कार्डामुळेच तिच्याकडे राहिला. पद्माचे कार्ड वेगळे झाले, तर नरसव्वाची रोजची बिडी निम्म्यावर येईल आणि औषधाला पैसे हवे असले, तरी तिला मुलापुढे किंवा सुनेपुढे हात पसरावा लागेल. ती सरळ नकार देऊ शकते, पण मला वाटते, तुमची नरसव्वा तसे करणार नाही. ती “काढू की” म्हणेल, आणि मग या आठवड्यात अंगात कणकण आहे, पुढच्या आठवड्यात पाहुणे आहेत, त्यानंतर सण आहे, असे करत कारखान्यावर त्याबद्दल विचारणेच लांबवत राहील. आपण होकार दिला आहे अशी तिची स्वतःची प्रामाणिक समजूत असेल. तिला चांगुलपणा सोडायचा नाही आणि कार्डही सोडायचे नाही. अशी बाई मला शेवटच्या पानापर्यंत पाहावीशी वाटेल, आणि तिच्यावरचे माझे प्रेमही कमी होणार नाही.

पुढचा प्रसंग मी तुमच्यासाठी थोडक्यात मांडून पाहते. कारखान्यावर रांगेत नरसव्वाची पाळी येते. चेकर तिच्या बिड्या हातावर घेतो, मूठभर बाजूला काढतो आणि म्हणतो, “अव्वा, हात बदललाय काय?” नरसव्वा म्हणते, “बोटं दुखतात.” बस्स, यापुढे तिने काही बोलू नये. ती खोटे बोलली आहे, कारण बाद झालेल्या बिड्या पद्माच्या आहेत. ती सुनेला पाठीशी घालते आहे का? हो. या घरात बिडी वळणारे दुसरे हात आहेत आणि त्यांनाही कार्ड मिळू शकते, ही गोष्ट ती झाकते आहे का? तेही खरे आहे. वाचकाला दोन्ही दिसते आणि लेखकाने दोन्हीपैकी काहीही सांगितलेले नाही. घरी आल्यावर त्या बाद झालेल्या बिड्यांबद्दल ती पद्माला सांगते की गप्प राहते, हे तुम्ही ठरवा. मात्र दोन्ही गोष्टींचे परिणाम पुढच्या पन्नास पानांवर होतील हे लक्षात ठेवा.

सगळी पात्रे एकाच आवाजात बोलतात, ही तक्रारही इथेच मिटू लागते. आज तुमच्या पानांवर नरसव्वा, तिचा मुलगा अंबादास, पद्मा आणि चेकर या चौघांनाही गरिबीबद्दल तेच वाटते, जे तुम्हाला वाटते; म्हणून त्यांच्या तोंडी तुमचीच वाक्ये येतात. एका खोलीतल्या प्रत्येक माणसाला वेगळी गोष्ट हवी असली, की बोलणे आपोआप वेगळे होते. अंबादासला यंत्रमागावरची पाळी संपवून आल्यावर घरात शांतता हवी आहे, मग ती कोणाच्या बाजूने निकाल लागून मिळाली तरी चालेल. चेकरलाही खलनायक करू नका, कारण खराब माल पुढे गेला तर त्याला वर जाब द्यावा लागतो, आणि नरसव्वाला तो अनेक वर्षे ओळखतो. ई. एम. फॉर्स्टर यांनी 1927 मध्ये कादंबरीवरच्या आपल्या व्याख्यानांत पात्रांचे सपाट आणि भरीव असे दोन प्रकार सांगितले, आणि पात्र वाचकाला पटेल अशा रीतीने चकित करू शकते का, ही भरीव पात्राची कसोटी मानली. कसोटीतला ‘पटेल अशा रीतीने’ हा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. उद्या नरसव्वाने पद्माचे पैसे चोरले, तर वाचक चकित होईल, पण त्याला ते पटणार नाही.

यावरून कथानकाचे उत्तर मिळते. संपूर्ण कथानक आधी पक्के करून लिहिणारे उत्तम कादंबरीकार आहेत आणि काहीच न ठरवता लिहिणारेही आहेत, त्यामुळे त्यात नियम नाही. पण व्यक्तींवर उभी राहणारी कादंबरी लिहायची असेल, तर घटना पात्राच्या निर्णयातून निघाली आहे की लेखकाच्या गरजेतून, हे प्रत्येक वेळी तपासावे लागते. तुमच्या तिसऱ्या प्रकरणाच्या शेवटी अंबादासला रस्त्यावर अपघात होतो. मला वाचताना स्पष्ट जाणवले, की गोष्ट थबकली होती आणि तिला ढकलायला तुम्ही तो अपघात आणला आहे. कादंबरीत अपघात, आजार, टाळेबंदी जरूर यावी, आणि ज्या शहराने आपल्या गिरण्या एकामागून एक बंद पडताना पाहिल्या, त्या शहरातल्या कादंबरीत ती येणारच; पण तशी घटना आली की कोण कसे वागते, यात तिचे मोल असते. आपल्या शेजारच्या माणदेशावरची व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (1955) या दृष्टीने पुन्हा वाचा. गावात तालीम बांधली जाते, पुढे दुष्काळ पडतो आणि गाव उठते. मोठ्या म्हणाव्यात अशा घटना जवळजवळ एवढ्याच. तरीही ती वाचून संपल्यावर त्या धनगरवस्तीतली माणसे आपल्या ओळखीची झालेली असतात, कारण तरुण मास्तर प्रत्येकाला त्याच्या एखाद्या लहानशा मागणीच्या किंवा अडचणीच्या वेळी भेटतो.

कार्यशाळेत सांगितलेल्या माहितीच्या तक्त्याबद्दल मी थोडक्यात लिहिते. पात्राचा आवडता रंग, उंची, रास, शाळेचे नाव हे लिहून काढण्यात संध्याकाळ जाते आणि लिहिल्यासारखे वाटते, पण त्यातले कादंबरीत फारसे उतरत नाही. तुम्ही हिशेबाचे काम करता, तेव्हा त्यापेक्षा नरसव्वाचा एका महिन्याचा जमाखर्च लिहा. मजुरी किती, किराणा उधारीवर किती, भिशीत किती, कोणाला न सांगता बाजूला किती आणि ते कोणासाठी? माणूस पैसा कोणापासून लपवतो हे कळले, की त्याचे बरेचसे मन कळते.

तिसऱ्या प्रकरणातच मार्कंडेय महामुनींच्या रथोत्सवाचे नऊ पानांचे वर्णन आहे. नारळी पौर्णिमेला पूर्व भागात जे चैतन्य असते, ते तुम्ही मनापासून लिहिले आहे. पण त्या नऊ पानांत नरसव्वा एकदाही दिसत नाही. सणाच्या दिवशी बिडी वळली नाही, तर त्या दिवसाची मजुरी नाही. मग ती आदल्या रात्री किती वाजेपर्यंत बसली होती? रथ दारावरून जाताना ती पुढे होऊन नमस्कार करते, की हातातले सूप बाजूला ठेवायला पद्माला हाक मारते? तिच्या डोळ्यांनी पाहिलेला रथ दोन पानांत मावेल आणि जास्त लक्षात राहील. आपल्या शहराला कादंबरीत आणण्याचा मोह मला चांगला समजतो, कारण सोलापूरवर मराठीत जितके लिहिले जायला हवे होते तितके लिहिले गेले नाही, असे मला नेहमी वाटत आले आहे. जे लिहिले गेले, त्यात विभावरी शिरूरकर या नावाने मालतीबाई बेडेकरांनी लिहिलेली ‘बळी’ (1950) तुम्ही वाचली नसेल, तर हिराचंद नेमचंद वाचनालयात चौकशी करा. गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना तारेच्या कुंपणाआड ठेवणारी जी वसाहत सोलापुरात होती, जिला आपण आजही सेटलमेंट म्हणतो, तिथे मालतीबाईंनी नोकरी केली होती, आणि त्या अनुभवातून ती कादंबरी उभी राहिली. या जमातींना गुन्हेगार ठरवणारा कायदा 1952 मध्ये रद्द झाला, त्याच्या आधीच ती प्रसिद्ध झाली होती. ज्या माणसांशी रोज कामाच्या निमित्ताने संबंध येतो, त्यांच्याकडे पाहण्याची एक वेगळी बैठक तयार होते. ती तुमच्याकडेही आहे, कारण टॉवेल कारखान्यातला प्रत्येक कामगार उचल मागायला तुमच्यासमोर उभा राहतो.

भाषेचा प्रश्न मला तुमच्या सर्व प्रश्नांत सर्वांत सुंदर वाटला. आज तुमची नरसव्वा सर्वत्र मोडकी मराठी बोलते, आणि त्यामुळे ती वाचकाला साधीभोळी, थोडी कमी समजेची वाटू लागते. पण घरात तेलुगू बोलणारी नरसव्वा मोडके कुठे बोलते? ती म्हणी वापरत असेल, टोमणे मारत असेल, देवाशी भांडत असेल आणि नातवाला तासभर गोष्ट सांगत असेल. म्हणून तिचे घरातले बोलणे सरळ, ओघवत्या, भरदार मराठीत लिहा, आणि कारखान्यावर, दवाखान्यात, बँकेत ती मराठीत बोलते तेव्हा तिची वाक्ये तोकडी करा. ‘बोटं दुखतात’ हे दोन शब्द त्यासाठीच आहेत. शेजारची मुस्लिम बाई आणि ती दखनीत बोलत असतील, तर तिथे तिचा सूर आणखी वेगळा, जास्त मोकळा होऊ द्या. अव्वा, अण्णा ही हाक घरात जशी मारतात तशीच ठेवा आणि कंसात अर्थ देऊ नका. वाचकाला दुसऱ्या पानापासून ते कळते. घरात वाघीण असणारी बाई खिडकीपुढे उभी राहिली की दोन शब्दांवर येते, हे सोलापुरात आपण रोज पाहतो, आणि ते तुमच्या पात्राचे अर्धे चरित्र आहे.

आता सवयींबद्दल. अँथनी ट्रोलप हा इंग्रज कादंबरीकार टपाल खात्यात नोकरी करत असे आणि त्याने 47 कादंबऱ्या लिहिल्या. त्याच्या मृत्यूनंतर 1883 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्याने आपली पद्धत सांगितली आहे: पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचे, पहिला अर्धा तास आदल्या दिवशीचे लिखाण वाचायचे आणि मग समोर घड्याळ ठेवून दर पाव तासाला 250 शब्द लिहायचे. हा शब्दांचा हिशेब सर्वांच्या लक्षात राहतो, पण त्याच पुस्तकात त्याने जे पुढे लिहिले आहे ते मला अधिक मोलाचे वाटते. लेखकाने आपल्या पात्रांच्या सहवासात राहावे, झोपताना आणि उठताना ती त्याच्याजवळ असावीत, त्याने त्यांच्याशी वाद घालावा, त्यांच्यावर रागवावे, आणि काळ पुढे सरकेल तशी तीही बदलावीत. महिन्याच्या अखेरीस प्रत्येक पात्र महिनाभराने मोठे झालेले असावे, असे तो म्हणतो. त्याने एका क्लबात दोन पाद्र्यांना आपल्या मिसेस प्राउडी या पात्राबद्दल कुरकुरताना ऐकले, आणि घरी जाऊन तिला कादंबरीत मारून टाकले. नंतर त्याला त्याचा खेद वाटत राहिला आणि तिची छाया आपल्या सोबत असते, असे त्याने लिहून ठेवले. इतक्या शिस्तीने लिहिणाऱ्या माणसाचेही पात्राशी असे नाते होते, म्हणून ही हकिगत मी तुम्हाला सांगितली.

तुम्ही घड्याळ लावून 250 शब्द लिहावेत असे मी म्हणणार नाही, पण आदल्या दिवशीचे वाचून मग सुरू करण्याची सवय मात्र तुम्ही जशीच्या तशी उचला. अर्नेस्ट हेमिंग्वे पुढे काय होणार हे ठाऊक असतानाच त्या दिवसाचे लिखाण थांबवत असे. तीही सवय नोकरदाराला फार उपयोगी पडते, कारण दुसऱ्या दिवशी कोऱ्या मनाने कोऱ्या कागदापुढे बसावे लागत नाही. टोनी मॉरिसन प्रकाशनसंस्थेत संपादक म्हणून काम करत होत्या आणि दोन मुलांना एकट्या वाढवत होत्या. मुले उठण्याआधी, उजाडायच्या आत त्या लिहायला बसत. श्री. ना. पेंडसे यांनी मुंबईत ‘बेस्ट’मध्ये नोकरी करत कोकणावरच्या आपल्या कादंबऱ्या लिहिल्या. तुमच्या दिवसाकडे पाहता रात्री आठनंतर डोके आकड्यांनी थकलेले असणार, तेव्हा सकाळचा पाऊण तास राखून ठेवा. सोलापूरच्या उन्हाळ्यात तर पहाटेशिवाय गच्चीवर बसवतही नाही. आणि कारखान्यात जाता-येताना, जेवणाच्या सुट्टीत, नरसव्वाला मनात चालू ठेवा: आज ती इथे असती, तर समोरच्या या माणसाला काय म्हणाली असती? हा प्रश्न दिवसभर सोबत असला, तर सकाळचा पाऊण तास पुरतो. तो नसला, तर सुट्टीचा अख्खा दिवसही अपुरा पडतो.

नातेवाईकांची भीती रास्त आहे. लिओ टॉलस्टॉयच्या घराजवळच्या रेल्वे स्थानकावर जानेवारी 1872 मध्ये एका बाईने गाडीखाली जीव दिला; ती त्याच्या शेजारच्या जमीनदाराच्या घरात राहणारी होती आणि तिचे नाव अ‍ॅना होते. टॉलस्टॉयने तिचे शव पाहिले. पुढे त्याने ‘अ‍ॅना कारेनिना’ लिहिली, तेव्हा मृत्यू तिथून घेतला, दिसणे कवी पुश्किनच्या मुलीचे घेतले, असे त्याच्या मेहुणीने नोंदवले आहे, आणि मन कोणा एकीचे घेतले नाही. तुम्हीही असे करू शकता. आजीचे हात नरसव्वाला द्या, कार्ड न सोडण्याचा हट्ट दुसऱ्या कोणाचा द्या, आणि जी गोष्ट तुम्हाला कोणी विश्वासाने सांगितली असेल आणि ती सांगणारे माणूस आज हयात असेल, ती त्यांना विचारल्याशिवाय वापरू नका. आजीच्या आठवणीला धक्का लागेल या भीतीने नरसव्वाला निर्दोष ठेवू नका. या तीन प्रकरणांत तुम्ही तेच करत आहात असा माझा समज आहे. नरसव्वा आजीपासून जितकी वेगळी होईल, तितके तुम्हाला तिच्याबद्दल खरे लिहिता येईल.

पुढच्या वेळी नवीन प्रकरणे पाठवू नका, तिसरेच प्रकरण पुन्हा लिहून पाठवा. अपघात वगळा, रथ दोन पानांत आणा, आणि पद्माला तिची मागणी पहिल्याच पानावर करू द्या. उरलेल्या पानांत नरसव्वाने त्या मागणीला एकदाही ‘नाही’ म्हणू नये, आणि प्रकरण संपेपर्यंत कार्डही निघू नये.